वस्तीतील चित्रगृहाचा ऱ्हास

शहराच्या मध्यभागी, मोठ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या भव्य चित्रगृहांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची वास्तुशैली, तेथे झालेले प्रथम खेळ, रौप्यमहोत्सव आणि तारकांची उपस्थिती यांच्या आठवणी अनेकांनी नोंदवल्या आहेत. त्या मानाने वस्तीतल्या साध्या चित्रगृहाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. बाजार, शाळा आणि देऊळ यांच्या जोडीने ही इमारत वस्तीच्या नित्याच्या जीवनाचा भाग होती. तिच्यावरून लोक पत्ता सांगत, बसथांब्याला तिचे नाव मिळे आणि ती बंद पडल्यावरही पुष्कळदा ते नाव तसेच राही. अशी चित्रगृहे भारताच्या सर्व प्रांतांत होती आणि गेल्या चार-पाच दशकांत त्यांतील फार मोठा भाग नाहीसा झाला आहे.

या लोपाचे कारण विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते: दूरदर्शन आले, मग व्हिडिओ आला, मग मल्टिप्लेक्स आले. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्या वर्षी एक चित्रगृह बंद पडले, त्याच वर्षी त्याच शहरातील दुसरे चांगले चालत होते, असे अनेक ठिकाणी दिसते. दोघांना लागणारा कर एक, दाखवायचे चित्रपट एक आणि प्रतिस्पर्धीही एकच. मग फरक कशात होता? त्याचे उत्तर पुष्कळदा इमारतीच्या मालकीत आणि ती मालकी कशी सांभाळली गेली यात सापडते.

प्रथम या व्यवसायाचे गणित पाहणे इष्ट होईल. चित्रगृहाचा बहुतेक खर्च प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून नसतो. सभागृहात पन्नास माणसे असोत वा पाचशे, दिवे तेवढेच जळतात, पंखे तेवढेच फिरतात, यंत्रचालक आणि डोअरकीपर यांचे पगार तेवढेच द्यावे लागतात. समजा, एका चित्रगृहात ६०० आसने आहेत आणि रोज तीन खेळ होतात. आठवड्याला १२,६०० आसने विक्रीस उपलब्ध होतात. त्यांतील निम्मी, म्हणजे ६,३०० भरली आणि ५,००० तिकिटांचे उत्पन्न सर्व खर्च भागवण्यात गेले, तर १,३०० तिकिटांचे उत्पन्न मालकाच्या हाती राहते. आता प्रेक्षकांत केवळ एक पंचमांश घट झाली असे धरू. विकलेल्या तिकिटांची संख्या ५,०४० वर येते आणि मालकाच्या हाती अवघी चाळीस तिकिटे उरतात. पाचांतला एक प्रेक्षक गेला, पण नफा जवळजवळ सगळाच गेला.

अशा वेळी मालकापुढे दोन मार्ग असतात. गेलेला प्रेक्षक परत आणण्यासाठी पैसा घालणे, हा पहिला. खर्च कमी करणे, हा दुसरा. पगार, वीज आणि कर यांना हात लावणे कठीण असते. ज्याला आज कात्री लावली तरी आज काही बिघडत नाही, असा खर्च एकच, तो म्हणजे देखभालीचा. म्हणून दुसरा मार्ग पत्करणारा मालक देखभालीपासून सुरुवात करतो आणि येथूनच ऱ्हासाला आरंभ होतो.

ही काटकसर पडद्यावर कशी उमटते हे समजून घेण्यासारखे आहे. अनेक दशके भारतातील चित्रगृहांत कार्बन-आर्क पद्धतीचा प्रकाश वापरला जात असे. कार्बनच्या दोन कांड्यांची टोके एकमेकांजवळ आणून त्यांच्यामधून विजेचा प्रवाह सोडला की अत्यंत प्रखर ज्योत निर्माण होते. तिच्यामागे असलेला अंतर्वक्र आरसा तो प्रकाश एकवटून फिल्मवर टाकतो. कांड्या जळत जातात, म्हणून त्यांच्यातील अंतर सतत सावरावे लागते. कार्बन वाचवण्यासाठी प्रवाह कमी ठेवला, उरलेले तुकडे जोडून वापरले किंवा डागाळलेला आरसा वेळेवर बदलला नाही, तर चित्र मंद आणि पिवळट होते. कांड्यांकडे दुर्लक्ष झाले तर पडद्याची एक बाजू उजळ आणि दुसरी काळोखी दिसते. रात्रीचे प्रसंग तर दिसेनासे होतात. पुढे झेनॉनचे दिवे आले, तरी प्रश्न मिटला नाही. त्या दिव्यांनाही आयुष्याची मर्यादा असते आणि ती उलटल्यावरही तेच दिवे ओढूनताणून चालवले जात.

यंत्राच्या ज्या भागातून फिल्म सरकते तो भाग प्रत्येक रिळानंतर पुसला पाहिजे. तो तसा न पुसल्यास साचलेल्या कणांमुळे फिल्मवर उभ्या रेघा पडतात. दातेरी चक्र झिजले की चित्र थरथरते आणि फिल्मच्या कडेची छिद्रे फाटतात. वस्तीतील चित्रगृहांकडे चित्रपटाची प्रत बहुधा मोठ्या चित्रगृहांत फिरून आल्यावरच पोहोचत असे. आधीच झिजलेली ती प्रत झिजलेल्या यंत्रावर चढे आणि अधिकच खराब होऊन पुढच्या गावी जाई.

आवाजाचा संबंध आसनांशी असतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. सभागृहातील आवाज भिंतींवरून परावर्तित होतो. भिंतींवरील आवरणे, पडदे आणि आसनांच्या गाद्या तो शोषून घेतात, म्हणून संवाद स्पष्ट ऐकू येतात. गाद्या फाटल्यावर त्या काढून टाकून केवळ लाकडी वा पत्र्याची आसने ठेवली, की आवाज घुमू लागतो. मालकाला वाटते, ध्वनियंत्रणा जुनी झाली. वास्तविक दोष पुष्कळदा खुर्च्यांचा असतो. वातानुकूलन बंद ठेवले की उकाड्यामुळे बाजूचे दरवाजे उघडावे लागतात आणि दिवसाच्या खेळाला त्यांतून येणारा उजेड थेट पडद्यावर पडतो. एका ठिकाणी केलेली बचत अशी दुसऱ्या ठिकाणी नुकसान करते.

प्रेक्षकही सगळे एकाच वेळी जात नाहीत. त्यांचा एक क्रम असतो. स्वच्छतागृहे घाण झाली, आवारातले दिवे गेले, डोअरकीपर कमी झाले, की सर्वांत आधी स्त्रिया येईनाशा होतात. स्त्रियांबरोबर मुले आणि वडीलधारी मंडळी जातात, म्हणजेच कुटुंबाचा प्रेक्षक जातो. एका कुटुंबाबरोबर चार-पाच तिकिटे जातात आणि ती बहुधा बाल्कनीची, म्हणजे अधिक दराची असतात. मागे उरतो तो खालच्या वर्गात बसणारा एकटा पुरुष प्रेक्षक. मग चित्रपटही त्याच्यासाठी निवडले जातात: जुने मारधाडीचे पट आणि पुढे केवळ प्रौढांसाठीचे. नवा चित्रपट देण्यास वितरक कचरतो, कारण तेथे त्याच्या प्रतीची हानी होते आणि हिशेबाचाही भरवसा नसतो. अशा चित्रगृहाकडे पाहून वस्तीतील लोक म्हणू लागतात की, तेथे सभ्य माणसाने जाऊ नये. इमारत उभी असते, खेळ चालू असतात, पण तिचा वस्तीशी असलेला संबंध तुटलेला असतो.

मालक हे होऊ का देतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ‘मालक’ या शब्दाचा अर्थ तपासावा लागतो. पुष्कळ चित्रगृहांत जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची आणि प्रत्यक्ष व्यवसाय तिसऱ्याचा अशी रचना असते. व्यवसाय करणाऱ्याने तीन किंवा पाच वर्षांच्या कराराने चित्रगृह चालवायला घेतले असेल, तर दहा-पंधरा वर्षे टिकतील अशा खुर्च्या बसवण्यात त्याचा काहीच लाभ नसतो. कराराच्या मुदतीत जेवढे मिळेल तेवढे काढून घेणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपण ठरते. इमारतीच्या मालकाला ठरलेले भाडे मिळत राहते, म्हणून तोही लक्ष घालत नाही. छप्पर गळू लागले की दुरुस्ती कोणी करायची यावर वाद होतो आणि तो मिटेपर्यंत दोन पावसाळे उलटून जातात.

याउलट, करार दीर्घ मुदतीचा असेल आणि चालवणाऱ्याला आपल्या नावाची चाड असेल तर काय होऊ शकते याचे उदाहरण पुण्यात आहे. तेथील प्रभात चित्रगृहाची इमारत किबे घराण्याची होती. १९३४ पासून ती कराराने घेऊन चित्रगृह चालवणारे दुसरे होते. ही व्यवस्था ऐंशी वर्षे टिकली आणि या काळात मराठी चित्रपटाचे हक्काचे घर म्हणून ‘प्रभात’ची ख्याती झाली. २०१४ च्या अखेरीस करार संपला आणि वास्तू मूळ मालकांकडे परत गेली. चालवणारा आणि मालक वेगळे असणे हाच दोष नव्हे; दोघांपैकी कोणालाच उद्याची पर्वा नसणे हा दोष आहे.

वारसाहक्काचा प्रश्नही असाच. पहिल्या पिढीतील मालक बहुधा स्वतः तिकीटखिडकीमागे बसलेला, पहिल्या खेळाला मागे उभा राहून आवाज ऐकणारा असे. त्याच्या पश्चात मालमत्ता चार-सहा वारसांत वाटली जाते. एकाला चित्रगृह चालवायचे असते, दुसऱ्याला विकायचे असते, तिसरा परगावी असतो. वाटणीचा दावा न्यायालयात जातो आणि निकाल लागेपर्यंत कोणीच खर्च करत नाही.

याहून प्रबळ कारण म्हणजे जमिनीची किंमत. गावाबाहेर स्वस्तात घेतलेली जागा शहर वाढल्यामुळे भर वस्तीत येते. तिकिटांतून दहा वर्षांत मिळणार नाही एवढी रक्कम ती जमीन विकून एका दिवसात मिळू शकते. मात्र चित्रगृहाची जागा हवी तशी वापरता येत नाही. मुंबईसारख्या शहरात, पुनर्बांधणी करताना नव्या इमारतीतही चित्रगृहासाठी जागा राखण्याची अट दीर्घकाळ होती. सार्वजनिक करमणुकीची जागा टिकावी हा या नियमाचा हेतू. परंतु इमारत राखणे आणि चित्रगृह चालते ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नियम पहिली गोष्ट करू शकतो, दुसरी करू शकत नाही. नियम बदलेल, परवानगी मिळेल, या आशेवर मालक थांबून राहतो. अशा मालकाच्या दृष्टीने मोडकळीस आलेली इमारत ही आपत्ती नसून सोय असते.

मालकी सार्वजनिक असली म्हणजे हे सर्व टळते, असेही नाही. कोलकात्याचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. जमशेटजी फ्रामजी मादन यांनी १९०२ च्या सुमारास मैदानावर तंबू ठोकून चलच्चित्रांचे खेळ सुरू केले आणि १९०७ साली एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे कायमस्वरूपी चित्रगृह उभारले. भारतातील पहिले कायमस्वरूपी चित्रगृह म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. पुढे त्याचे नाव ‘मिनर्व्हा’ झाले. १९८० च्या दशकात ते महानगरपालिकेकडे आले आणि त्याला ‘चॅप्लिन’ हे नाव देण्यात आले. नाव थोर होते, पण नावाबरोबर देखभालीची तरतूद आली नाही. चित्रगृह खालावत गेले, बंद पडले, कित्येक वर्षे तसेच उभे राहिले आणि २०१३ साली पाडण्यात आले. मादन यांच्या कंपनीने एके काळी भारतभर चित्रगृहांची साखळी उभी केली होती. तिच्या पहिल्या कडीचा शेवट असा झाला. याच्या उलट, १९७५ साली स्थापन झालेल्या केरळ राज्य चित्रपट विकास महामंडळाने ‘कैरली’, ‘श्री’ यांसारखी चित्रगृहे उभारली आणि त्यांचे नूतनीकरणही केले. मालकी खासगी की सरकारी, यापेक्षा उत्पन्नाचा काही भाग दरवर्षी इमारतीत परत घातला जातो की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

दुर्लक्षाची परिणती केवळ गैरसोयीत होते, असे मानणे धोक्याचे आहे. चित्रगृहांना परवाना घेण्याची सक्ती करणारा भारतातील पहिला कायदा १९१८ सालचा. त्यामागे प्रेक्षकांच्या जिवाची चिंता होती, कारण त्या काळातील नायट्रेटची फिल्म अतिशय ज्वालाग्राही होती. पुढे सुरक्षित फिल्म आली, पण आगीचा धोका संपला नाही. दक्षिण दिल्लीतील ग्रीन पार्क भागात असलेल्या ‘उपहार’ चित्रगृहात १३ जून १९९७ रोजी दुपारच्या खेळाच्या वेळी आग लागली. तळमजल्यावरील वाहनतळाजवळ असलेल्या विजेच्या रोहित्रापासून तिचा आरंभ झाला. मोटारींनी पेट घेतला आणि धूर वर बाल्कनीत शिरला. तेथे जादा आसने बसवताना एका बाजूची वाट बंद करण्यात आली होती. दिवे गेले, धोक्याची सूचना मिळाली नाही, बाहेर पडण्याचा मार्ग सापडला नाही. ५९ माणसे मृत्युमुखी पडली आणि शंभराहून अधिक जखमी झाली. २००७ साली न्यायालयाने मालकांसह बारा जणांना दोषी ठरवले आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकांची दोषसिद्धी कायम केली. बाल्कनीतील काही जादा आसनांचे उत्पन्न आणि एक मोकळी वाट यांत निवड करण्याचा प्रसंग प्रत्येक चित्रगृहाच्या मालकावर येतो. ही निवड चुकल्यास तिची किंमत मालकाला नव्हे, तर तिकीट काढून आत बसलेल्यांना द्यावी लागते.

योगायोग असा की, याच महिन्यात आणि याच दक्षिण दिल्लीत, साकेत येथील जुन्या ‘अनुपम’ चित्रगृहाचे चार पडद्यांच्या संकुलात रूपांतर होऊन ते सुरू झाले. भारतातील पहिले मल्टिप्लेक्स म्हणून ते ओळखले जाते. त्यानंतरच्या वर्षांत महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी अशा संकुलांना करमणूक करात सवलती दिल्या. जुन्या एकपडदा चित्रगृहांना त्या वेळी तेवढी मदत मिळाली नाही, ही त्यांच्या मालकांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही.

बाहेरची कारणे खरी होती आणि त्यांचे वजनही मोठे होते, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. काही राज्यांत करमणूक कर तिकिटाच्या मूळ दराएवढा, क्वचित त्याहून अधिक होता. म्हणजे प्रेक्षकाने दिलेल्या रुपयातील निम्माच चित्रगृह, वितरक आणि निर्माता यांच्यात वाटला जाई. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच सुमारास व्हिडिओची केंद्रे गल्लोगल्ली निघाली. १९९१ नंतर केबलने घरोघर चित्रपट पोहोचवले. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि तेथील चित्रगृहांचा कामगार प्रेक्षकच विखुरला. त्यात मालकांचा दोष नव्हता. पुढे २०१० नंतरच्या काही वर्षांत फिल्मच्या प्रती जाऊन डिजिटल प्रक्षेपण आले व नव्या यंत्रांचा भार पडला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. २०२० साली महासाथीमुळे सर्व चित्रगृहे कित्येक महिने बंद राहिली आणि त्यांतील अनेक पुन्हा उघडलीच नाहीत.

तरीही या सर्व वादळांतून काही चित्रगृहे तगली. जयपूरचे ‘राज मंदिर’ १९७६ साली सुरू झाले आणि आजही ते पाहण्यासाठी प्रवासी येतात. मुंबईचे ‘मराठा मंदिर’ १९५८ मधले. तेथे १९९५ साली लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हा चित्रपट अल्प दरात वर्षानुवर्षे दाखवला गेला आणि त्याने स्वतःचा एक प्रेक्षक घडवला. मुंबईचेच रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद पडले होते. गोंडलच्या राजघराण्याने ते विकून टाकले नाही. जीर्णोद्धार करून २०१६ साली ते पुन्हा खुले केले. या तिन्हींची परिस्थिती सारखी नाही. ऑपेरा हाऊसच्या मागे एक राजघराणे होते, तसे पाठबळ वस्तीतील चित्रगृहाला मिळणार नाही. परंतु तिघांतही एक गोष्ट समान आहे: तेथे मालकाने चित्रगृहाकडे केवळ जमीन म्हणून पाहिले नाही.

यावरून उपायांची दिशा दिसते. करात सूट देताना ती सरसकट न देता देखभालीशी जोडता येईल; म्हणजे वाचलेला पैसा खुर्च्या, स्वच्छतागृहे आणि अग्निसुरक्षेवर खर्च झाल्याचे दाखवावे लागेल. परवान्याच्या वार्षिक तपासणीचा अहवाल वस्तीला वाचता येईल असा दर्शनी भागात लावता येईल. पुनर्बांधणीच्या नियमात केवळ जागा राखण्याऐवजी ठरावीक मुदतीत चित्रगृह चालू करण्याची अट घालता येईल. सहाशे आसनांच्या जागी दीडशे-दोनशे आसनांची छोटी सभागृहे आणि परवडणारा दर ठेवल्यास व्यवसायाचे गणितही बसू शकते, कारण त्यामुळे स्थिर खर्चाचा बोजा कमी होतो. यांतील कोणताही उपाय मात्र निष्काळजी मालकाला काळजीवाहू बनवू शकणार नाही. तो फार तर काळजी घेणाऱ्याला टिकून राहण्यास साहाय्य करील.

वस्तीतील चित्रगृह बंद पडते तेव्हा चित्रपट पाहणे थांबत नाही. आता तो घरी, हातातल्या यंत्रावरही पाहता येतो. थांबते ते एकत्र पाहणे. हमाल आणि कारकून, विद्यार्थी आणि गृहिणी, एरवी एका छपराखाली न बसणारी माणसे थोडक्या पैशांत तीन तास शेजारी बसत असत. मल्टिप्लेक्सचे तिकीट ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी ही जागा पुन्हा निर्माण झालेली नाही. कुलूप लागलेल्या चित्रगृहाच्या दर्शनी भागावर जुन्या जाहिरातींचे लाकडी चौकट तेवढे उरतात. पुढे तेही काढले जातात आणि बसथांब्याचे नाव मात्र मागे राहते.